टिप काळी, सोल्डर गोळी: नवीन सोल्डरिंग आयर्न घेण्याआधी आणि घेताना

गणपती जवळ आले की एलईडी पट्ट्यांच्या मखरांची कामं निघतात, दिवाळीच्या तोंडावर आकाशकंदील निघतात आणि शैक्षणिक वर्ष संपत आलं की डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट. या तिन्ही मोसमांत माझ्याकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. घणसोलीहून येते, कळव्याहून येते, घोडबंदर रोडच्या टॉवरमधूनही येते. “काका, सोल्डर चिकटतच नाही. गोळी होऊन खाली पडतं. टिप काळीठिक्कर झालीय. एखादं चांगलं आयर्न सांगा ना, जास्त गरम होणारं.”

आयर्न म्हणजे तापलेल्या टोकाने, म्हणजे टिपेने, सोल्डर वितळवून पार्ट जोडायचं अवजार, आणि सोल्डर म्हणजे सहज वितळणाऱ्या धातूची तार. घोटाळा त्या शेवटच्या मागणीत आहे. यातल्या बऱ्याच जणांना नवीन आयर्नची गरजच नसते. ज्यांना असते, त्यांना जास्त गरम होणारं आयर्न दिलं की टिप आणखी लवकर जळते आणि महिन्याभरात तोच फोन पुन्हा येतो. आयर्न किती गरम होऊ शकतं हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. टिपेच्या टोकातून उष्णता कामात गेली की ती किती झटपट भरून येते आणि टोकावर सोल्डरचा चकचकीत थर टिकून आहे का, या दोन गोष्टींवर सगळं काम चालतं. म्हणून आधी रोग ओळखू, खरेदीचं नंतर बघू.

एकच आयर्न, रिकामं असताना तापलेलं आणि कामात थंड

आपल्याकडे कित्येकांचं पहिलं आयर्न म्हणजे सोल्ड्रॉनचं २५ वॉट किंवा त्याच जातीचं दुसरं एखादं. चांगली वस्तू आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिची रचना समजून घ्या. आत तापणारी तार, तिला थेट २३० व्होल्ट. सेन्सर नाही, थर्मोस्टॅट नाही. स्टँडवर पडून असताना ते तापतच जातं. हवेत जेवढी उष्णता निसटते तेवढीच आत तयार होतेय अशी वेळ आली की मग कुठे ते स्थिरावतं. तोवर टिप सहज ४०० अंशांच्या आसपास पोचलेली असते. शिसं-कथलाचं सोल्डर वितळायला लागतात १८३ अंश. म्हणजे आयर्न कमी गरम होतं ही तक्रार इथे खोटीच ठरते.

आता तेच आयर्न डीसी जॅकच्या, म्हणजे ॲडॉप्टरची पिन खुपसतात त्या सॉकेटच्या, ग्राउंडच्या पायाला लावा आणि डोळे तिथेच ठेवा. पाय जाड, खाली बोर्डावर तांब्याचा मोठा पट्टा. पहिल्या क्षणी सोल्डर पातळ होतं, चमकतं. लगेच त्याची चमक मंदावते, ते पिठल्यासारखं दाट होतं आणि टिप पायाला धरून ठेवल्यासारखी अडकते. जोर लावून काढलीत तर सोल्डरचं शेपूट वर ओढलं जातं. तांब्याने उष्णता पिऊन टाकली, आणि २५ वॉटला ती तेवढ्या वेगाने भरून काढता आली नाही. मग माणूस आयर्न दहा-पंधरा सेकंद तसंच दाबून धरतो. तेवढ्यात सोल्डरमधला फ्लक्स, म्हणजे धातूवरचा मळ काढून सोल्डर पसरवणारा पदार्थ, जळून जातो, पॅड, म्हणजे बोर्डावरची तांब्याची टिकली, सैल होतं आणि सांधा वरून झालेला दिसला तरी आतून ड्राय, म्हणजे नीट न जुळलेला, राहतो.

म्हणजे टिप जळते ती रिकाम्या वेळेत आणि सांधा बिघडतो तो कामाच्या वेळेत. लोक दोन्हीचं खापर एकाच गोष्टीवर फोडतात आणि म्हणून इलाज चुकतो.

घरातला विजेचा दाब हेही एक कारण असतं, आणि ते कोणी बघत नाही. साध्या आयर्नची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर २५ वॉटचं आयर्न १९ वॉटचं होऊन बसतं. सकाळी नीट चालणारं आयर्न संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाल्यावर मलूल पडत असेल, तर आधी तिकडे बघा.

आधी हे करून बघा

आयर्न पूर्ण तापू द्या, टिप पुसा आणि टोकाला ताजं सोल्डर लावा. सोल्डर पसरून टोकाभोवती आरशासारखा थर झाला तर टिप ठीक आहे. गोळी होऊन ओघळलं तर दोष टिपेवरच्या काळ्या थराचा. तो ऑक्साइडचा थर उष्णता पुढे जाऊच देत नाही. अशा टिपेचं आयर्न कितीही महागडं असलं तरी काम होणार नाही.

टिप ठीक असेल तर घरातल्या वायरिंगच्या उरलेल्या वायरचा तुकडा घ्या, नुकताच सोललेला, लालबुंद तांबं दिसणारा. त्यावर सोल्डर लगेच बसलं आणि तुमच्या बोर्डावर मात्र बसत नसेल, तर आयर्नचा काही संबंध नाही. बोर्ड किंवा पार्टचा पाय मळलेला आहे.

वायरवर बसतं, बर्ग स्ट्रिपच्या पिनांवर बसतं, रेझिस्टरवर बसतं, पण ग्राउंडच्या पायावर, जाड वायरीवर, बॅटरीच्या एक्सटी६० कनेक्टरवर बसत नाही, असं असेल तर ती उष्णतेच्या पुरवठ्याची अडचण. इथे मात्र टिपेचा आकार किंवा आयर्न बदलायला लागेल. आधी टिपेचा आकार बदलून बघा, कारण खर्च अगदीच थोडा आहे.

आणि काम सुरू केल्यावर पहिला थोडा वेळ छान चालतं, मग हळूहळू बिघडत जातं, ही तक्रार असेल तर आयर्न स्टँडवर तासन्‌तास चालू राहतंय. सर्किट जुळवताना, डेटाशीट वाचताना, चहाला उठताना स्विच बंद करा. पुन्हा तापायला लागणारी मिनिटं टिपेच्या आयुष्यापेक्षा महाग नाहीत.

काळी पडलेली टिप परत आणणं

इथे थोडा वेळ थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं. टिप काळी दिसली की हात आपोआप कानशीकडे किंवा सँडपेपरकडे जातो. कृपा करून थांबा.

आजच्या बहुतेक टिपांचा गाभा तांब्याचा असतो, कारण तांबं उष्णता झटकन पुढे नेतं. पण वितळलेलं कथील तांब्याला विरघळवतं. म्हणून टोकावर लोखंडाचा पातळ मुलामा दिलेला असतो आणि मागच्या भागावर सोल्डर चढू नये म्हणून क्रोमियमचा. सँडपेपरने घासलीत की टिप मिनिटभर चकचकीत दिसते, समाधान वाटतं, आणि लोखंडाचा थर गेलेला असतो. पुढच्या काही दिवसांत त्या जागी खड्डा पडतो. दात किडल्यासारखी आतून पोकळ झालेली टिप तुम्ही पाहिली असेल, ती अशीच होते. नुसत्या तांब्याची बिट (टिपेलाच बिटही म्हणतात) असेल, म्हणजे सगळीकडून लालसर दिसणारी, तर गोष्ट वेगळी. ती थंड असताना कानशीने घासा आणि तापवताना लगेच सोल्डर लावा. मुलामा दिलेल्या टिपेला मात्र कानस लावायची नाही.

मग करायचं काय? आयर्न थंड असतानाच टोकाभोवती रोझिन कोअर, म्हणजे आत राळेचा फ्लक्स भरलेल्या, सोल्डरचे चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा. आता स्विच लावा. टिप तापत जाताना आधी फ्लक्स वितळून टोकावर पसरतो, मग सोल्डर पातळ होतं. ऑक्साइड नव्याने वाढायच्या आतच फ्लक्सला काम करायला मिळतं, हा यातला फायदा. सगळं वितळलं की पितळी तारेच्या घासणीत टिप खुपसून फिरवा, लगेच ताजं सोल्डर द्या, पुन्हा खुपसा, पुन्हा द्या. पहिल्या फेरीत एखादा रुपेरी ठिपका दिसतो. तो दिसला की समजा टिप जिवंत आहे. तो ठिपका फेरीगणिक वाढत जातो. तापमान बदलता येणारं आयर्न असेल तर हे काम २५०-३०० अंशांवर करा, ४०० वर नको.

एवढं करूनही ठिपका वाढला नाही तर टिप टिनर म्हणून छोटी डबी मिळते, तीत तापलेलं टोक बुडवून फिरवायचं. पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला भांडं तापवून नवसागराची चिमूट टाकायचा, धूर निघायचा, आणि त्या साफ झालेल्या पितळेवर कथील फिरवायचा. टिपेचं टिनिंग, म्हणजे टोकावर सोल्डरचा थर चढवणं, ही तीच क्रिया आहे. नवसागराची वडी आजही काही कारागीर आयर्नसाठी वापरतात. तिचा धूर नाकाडोळ्यांना झोंबतो, म्हणून खिडकीत करा. आणि नंतर टिप नीट पुसून पुन्हा सोल्डर लावल्याशिवाय बोर्डाला टेकवू नका, नवसागराचा अंश बोर्डावर राहिला तर तांबं हिरवं पडतं.

स्वयंपाकघरातली स्टीलची घासणी यासाठी नको, ती लोखंडाच्या मुलाम्यावर ओरखडे काढते. ओला स्पंज चालतो, पण तो सेल्युलोजचा हवा आणि पिळून घेतलेला हवा. भांडी घासायचा फोमचा स्पंज टिपेला वितळून चिकटतो. मला स्वतःला पितळी घासणीच आवडते, कारण टिप एकदम थंड होत नाही आणि पुसल्यावरही टोकावर सोल्डरचा पातळ थर शिल्लक राहतो.

काम संपल्यावर टिप पुसून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. नेमकं उलट करा. शेवटचं पुसल्यावर टोकाला भरपूर सोल्डर लावा आणि तसंच ठेवून स्विच बंद करा. ऑक्सिडेशन व्हायचं ते त्या सोल्डरचं होऊ दे. पुढच्या वेळी ते पुसलं की खाली टिप स्वच्छ.

सोल्डर वायर आणि फ्लक्स

आयर्नवर हजारो खर्च करणारा माणूस सोल्डर घेताना मात्र सगळ्यात स्वस्त रीळ उचलतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रीळावर प्रमाण लिहिलेलं असतं ते बघा. ६३/३७ म्हणजे ६३ टक्के कथील, बाकी शिसं. हे मिश्रण बरोबर १८३ अंशांना घनातून एकदम द्रव होतं. ६०/४० थोडं पुढे, १९० च्या आत. दोन्ही उत्तम. पण कथील महाग आणि शिसं स्वस्त असल्याने ४०/६० सुद्धा बाजारात असतं. ते १८३ ला मऊ व्हायला लागतं आणि पूर्ण पातळ व्हायला २३८ अंशांच्या आसपास जावं लागतं. मधल्या काळात ते लगद्यासारखं राहतं, हात जरा हलला की सांधा ड्राय. काहीच न छापलेलं रीळ घेऊच नका.

जाडी आपल्याकडे एसडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे तारेच्या ब्रिटिश गेजमध्ये, सांगतात. २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिमी, बोर्डाच्या कामाला उत्तम. १८ गेज म्हणजे १.२ मिमी, वायरी आणि कनेक्टरसाठी. बारीक पॅडवर १८ गेज वापरलंत की पॅड भरून शेजारच्याला जाऊन मिळतं आणि दोष पुन्हा आयर्नला.

रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या मित्रांची अडचण वेगळी असते. तिथे शिसं नसलेलं सोल्डर वापरतात, आणि २१७ ते २२७ अंशांना वितळणाऱ्या त्या सोल्डरची सवय हाताला लागलेली असते. घरी शिशाच्या सोल्डरवरही ते ४०० अंश लावून बसतात. शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५० पुरतात, बिनशिशाच्या सोल्डरला ३५० ते ३८०. याच्या उलट बाजूने, जुना बोर्ड दुरुस्त करताना सोल्डर वितळतच नाही असं वाटलं तर तो बोर्ड बिनशिशाचा असण्याची शक्यता धरा. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले आणि त्यानंतरच्या बऱ्याचशा मालात ते नसतं. अशा सांध्यावर आपलं ६३/३७ थोडं मिसळा, मग सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) किंवा विकने (ते शोषणारी तांब्याची वेणी) सगळं उचला. मिश्रण लवकर वितळतं.

फ्लक्स इलेक्ट्रॉनिक्सचाच घ्या, रोझिनचा किंवा नो-क्लीन, म्हणजे नंतर पुसावा न लागणारा. हार्डवेअरच्या दुकानात पत्रा आणि नळकामासाठी मिळणारा ॲसिडवाला फ्लक्स सोल्डर झकास पसरवतो आणि काही महिन्यांनी ट्रॅक खाऊन टाकतो.

खाडीकाठची हवा

वाशी, ऐरोली, कळवा, कोपरी, आपण सगळे खाडीला धरून राहणारे. पावसाळ्याचे चार महिने उघड्या डब्यात ठेवलेले पार्ट आणि झीरो पीसीबी (भोकं पाडलेले कोरे बोर्ड) दिवाळीत बाहेर काढले की तांबं तपकिरी झालेलं आणि पाय निस्तेज. त्यावर कुठलंही आयर्न हात टेकेल. खोडरबराच्या शाई खोडायच्या, खरखरीत बाजूने पॅड घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पायावरून ब्लेडची बोथट बाजू हलकेच ओढा, मग थोडा फ्लक्स. ठेवताना झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा.

पॅड उखडत असतील तर बोर्ड कोणता आहे तेही बघा. तपकिरी रंगाचा फिनॉलिक बोर्ड स्वस्त असतो, पण जास्त वेळ उष्णता दिली की त्याचं पॅड सुटून येतं. शिकणाऱ्याने तरी ग्लास इपॉक्सीचाच घ्यावा. शिकताना हात जास्त वेळ थांबतो, त्याला तेवढी मोकळीक देणारा बोर्ड हवा.

मग घ्यायचं कोणतं

वरचं सगळं करून बघितलंत, टिप चमकते, सोल्डर चांगलं आहे, पार्ट स्वच्छ आहेत आणि तरी मोठ्या सांध्यांवर अडतंय. किंवा आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी तुम्ही टेबलावर असता. तर आता नवीन आयर्न घ्यायला हरकत नाही.

पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी अजूनही २५ वॉटचं साधं आयर्नच सांगतो, मात्र त्याबरोबर चपट्या टोकाची बिट, पितळी घासणी, जड स्टँड आणि चांगल्या सोल्डरचं रीळ. काहीशे रुपयांत होतं, आणि किट जोडायला, एलईडी पट्ट्या जोडायला पुरेसं आहे. सुईसारखी टोकदार टिप बघून बारीक कामाला बरी असं वाटतं, पण तिचा स्पर्श बिंदूएवढा, त्यातून उष्णता जाणार किती? दोन-अडीच मिमी रुंदीची चपटी टिप, जिला २.४डी म्हणतात, ती रेझिस्टरपासून डीसी जॅकपर्यंत सगळं करते. मोठ्या सांध्याला तिची रुंद बाजू लावायची, बारीकला कोपरा. नवीन आयर्न घेण्याआधी टिपेचा आकार बदला म्हणालो ते यासाठी.

त्याच्या वरच्या पायरीवर तापमान राखणारं स्टेशन येतं. इथे हॅको ९३६ या जपानी स्टेशनचा नमुना इतका चालला की मूळ मॉडेल बंद होऊन त्याच्या जागी एफएक्स-८८८ आणि ८८८डी आली, तरी त्याच्या नकला आणि त्याला बसणाऱ्या ९००एम टिपा आजही सगळीकडे मिळतात. ५०-६० वॉटचं स्टेशन रिकामं असताना ३३० वर थांबून राहतं आणि सांध्याला टेकवलं की सगळी ताकद लावून तिथेच राहायचा प्रयत्न करतं. आपल्या मूळ दुखण्याच्या दोन्ही टोकांवर हा एकच इलाज आहे. मी पैसे इथे घाला म्हणतो ते आकडा दाखवणाऱ्या डिस्प्लेसाठी नाही, या भरून काढण्याच्या ताकदीसाठी.

नकला घेताना एक गोष्ट बघा. या जातीत टिप ही पोकळ टोपी असते, आतल्या हीटरवर चढवलेली, आणि तापमान मोजणारा सेन्सर हीटरमध्ये असतो. टिप सैल बसली, मधे हवेची फट राहिली, की डिस्प्ले ३५० दाखवतो आणि टोक त्याच्या बरंच खाली असतं. “स्टेशन घेतलं तरी सोल्डर चिकटत नाही” ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची टिप मी आधी थंड असताना काढायला लावतो आणि आतला काळा चुरा साफ करून पुन्हा घट्ट बसवायला लावतो. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नट हातानेच घट्ट करा, पक्कड लावू नका, आतला सिरॅमिक हीटर तडकतो.

फट हीच अडचण असेल तर हीटर, सेन्सर आणि टिप एकाच नळीत असलेली कार्ट्रिजची जात बघा: हॅकोच्या टी१२ टिपांवर चालणारी स्टेशन, किंवा टीएस१०० आणि पाइनसिल ही पेनाएवढी आयर्न. काही सेकंदांत तापतात आणि टोकाची खरी परिस्थिती त्यांना कळते. वाशी-ठाणे लोकलने बॅगेत घालून मित्राकडे न्यायला यासारखं दुसरं नाही. अशी जी आयर्न २०० च्या खाली सेट करता येतात त्यांची घरच्या घरी परीक्षाही करता येते: १७० वर ठेवा, टोकाला ६३/३७ ची तार टेकवा आणि पाच-पाच अंशांनी वाढवत जा. डिस्प्ले जिथे असताना सोल्डर वितळलं तो आकडा आणि १८३ यांतला फरक म्हणजे तुमच्या आयर्नची चूक.

पाइनसिलसारख्या यूएसबी-सीवर चालणाऱ्या आयर्नची एक ठरलेली तक्रार म्हणजे “तापतच नाही”. आयर्न बहुधा ठणठणीत असतं, चार्जर चुकीचा असतो. या टिपांचा रोध साधारण ८ ओहम. २० व्होल्ट मिळाले तर ५० वॉट, १२ ला १८ वॉट, ९ व्होल्टला जेमतेम १०. मोबाइलच्या चार्जरवर ६५ किंवा ८० वॉट छापलेलं असलं तरी ते बऱ्याचदा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने, त्यांच्याच फोनला मिळतात. आयर्नला तो ९ व्होल्टच देतो. चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा: पीडी (यूएसबीची पॉवर डिलिव्हरी पद्धत) याखाली २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर लिहिलेलं हवं. लॅपटॉपच्या यूएसबी-सी चार्जरवर बहुधा हे असतं.

घेऊ नका असं सांगायचं तर: ६० किंवा १०० वॉटचं तापमान न राखणारं आयर्न बोर्डाच्या कामाला नको, ते रिकामं असताना टिप जाळतं आणि पॅडही उखडतं. ट्रिगर दाबून चालणारी सोल्डरिंग गन जाड वायरीसाठी ठीक, बोर्डासाठी नाही. मुठीवर फिरकी असलेली स्वस्त आयर्न बघून घ्या. त्यातल्या काहींत सेन्सर असतो, काहींत ती फिरकी नुसती वीज कमी-जास्त करते आणि आकडे शोभेचे असतात.

खरेदी ऑनलाइन करा किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन, तुमची मर्जी. मी लॅमिंग्टन रोडच सांगतो, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, म्हणजे कागदोपत्रीचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की चालत जाता येतं. तिथे आयर्न दाखवा म्हणायच्या आधी विचारा, “याच्या टिपा सुट्या मिळतात का? हीटर मिळतो का?” नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा. टिप ही झिजणारी वस्तू आहे. ती मिळत नसेल तर आयर्न कितीही देखणं असो, वर्षभराने फेकायचंच. मग केबल बोटांत धरून वाकवा. सिलिकॉनची केबल मऊ, दोरीसारखी पडते आणि टिप चुकून लागली तरी तग धरते. पीव्हीसीची ताठ असते, मनगटाला ओढत राहते आणि टिप लागली की वितळून आतली तार उघडी पडते. दुकानदार स्टेशन चालू करून देत असेल तर तिथेच टिपेला सोल्डर लावून बघा.

अर्थिंग

टोकाला हात लागला की मुंग्या येतात, किंवा सोल्डर करताना मॉसफेट (एका नाजूक जातीचे ट्रान्झिस्टर) मरतात, ही तक्रार कमी येते पण ती हसण्यावारी नेऊ नका. आयर्न प्लगमधून काढा, थंड होऊ द्या, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक प्रोब प्लगच्या जाड अर्थ पिनेला आणि दुसरी टिपेला. एक-दोन ओहम दाखवले तर आयर्नकडून अर्थिंग ठीक आहे. काहीच दाखवलं नाही तर टिप अर्थला जोडलेलीच नाही. दोन पिनांच्या आयर्नमध्ये तर ती सोयच नसते. टीएस१०० सारख्या आयर्नला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावला तर टिप तरंगती, म्हणजे अर्थला न जोडलेली, राहते. त्यासाठीच आयर्नच्या मागच्या बाजूला अर्थची तार जोडायला स्क्रू दिलेला असतो, तो वापरा.

आयर्न ठीक असूनही भिंतीतल्या सॉकेटला अर्थ नसेल तर काही उपयोग नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आणि चाळींत, आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांत, तिसरं भोक नुसतंच भोक असतं. सॉकेट तपासायचं काम वायरमनकडून करून घ्या, त्यात स्वतःचे प्रयोग नकोत.

वन बीएचकेमध्ये टेबल मांडणाऱ्यांसाठी आणखी एवढं. सोल्डर करताना वर येणारा धूर रोझिनचा असतो. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, पण रोझिनचा धूर दम्याच्या माणसाला त्रास देतो आणि रोज श्वासात गेला तर नसलेल्यालाही दमा लागू शकतो. छोटा पंखा धूर तुमच्याकडून खिडकीकडे ओढेल असा ठेवा, टिपेवर वारा लागेल असा नको, नाहीतर टोक थंड पडून पुन्हा तीच तक्रार सुरू होईल. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. काम झालं की साबणाने हात धुवा, सोल्डरचे तुकडे झाडून कागदात गुंडाळा, आणि ज्या टेबलावर मुलं जेवतात त्या टेबलावर हे काम करू नका.